लंडन ते टोकियो: अंतर 9,600 किलोमीटर, मग 14 तास कसे?

तुम्ही विचारलंय की लंडन-टोकियो अंतर साधारण 9,600 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900 च्या आसपास, म्हणजे साडेदहा-अकरा तासांत पोहोचायला हवं. मग तिकिटावर 14 तास का?

भागाकार बरोबर आहे. पण विमान त्या 9,600 वरून जातच नाही.

पृथ्वीगोलावर लंडन आणि टोकियोला दोरा ताणून धरलात, तर तो स्कँडिनेव्हियावरून सैबेरियाच्या पार उत्तरेकडून जातो. 9,600 म्हणजे त्या दोऱ्याची लांबी. 2022 पर्यंत विमानं जवळपास याच वाटेने जायची आणि बाराएक तासांत पोहोचायची. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, ब्रिटिश विमानांना रशियाचं आकाश बंद झालं, जपानी कंपन्यांनीही तो रस्ता सोडला. आता जाताना तुर्की, कास्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन असा दक्षिणेकडून वळसा पडतो. (हे काही पहिल्यांदा घडत नाहीये. शीतयुद्धातही सोव्हिएत आकाश बहुतेक विमानांना बंदच होतं. तेव्हा युरोपातली बरीच विमानं अलास्कात अँकरेजला उतरून इंधन भरायची आणि मग टोकियो गाठायची.)

मी हा प्रवास दोन्ही बाजूंनी केलाय. टोकियोहून परतताना समोरच्या पडद्यावर पाहिलं तर विमान चक्क पूर्वेला, पॅसिफिकवर निघालेलं. लंडन तर पश्चिमेला! शेजारच्या काकूंनी मला दोनदा विचारलं, ‘आपण बरोबर विमानात बसलोय ना?’ पुढे अलास्का आलं, मग उत्तर कॅनडा, ग्रीनलंड, आइसलँड, आणि वरून लंडन.

एवढा उलटा फेरा घालायचं कारण वारा. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर तर तो फारच जोरात असतो. त्याच्या तोंडावर जाण्यापेक्षा पाठीवर घेऊन लांबून गेलेलं परवडतं. गंमत म्हणजे हा वारा 1920 च्या दशकात जपानच्याच वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञांनी फुगे सोडून मोजला होता, पण अहवाल लिहिला एस्परांतो या कृत्रिम भाषेत. तो वाचणार कोण!

शिवाय तिकिटावरचे तास हवेतले नसतात. गेटवरून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू, दुसऱ्या गेटला लागलं की बंद. धावपट्टीसमोरची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं असतं.

आता वेळेचं. टोकियो लंडनच्या पुढे आहे, हिवाळ्यात 9 तास, उन्हाळ्यात 8, कारण घड्याळ फक्त लंडनवाले बदलतात. जानेवारीत सकाळी 10 ला लंडनहून निघालात आणि 14 तास लागले, तर लंडनमध्ये मध्यरात्र झालेली असेल आणि तुम्ही टोकियोत दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला उतराल. परतताना सकाळी 10 ला निघून साडेचौदा तास लागले तरी लंडनला त्याच दिवशी दुपारी साडेतीनला पोहोचाल. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तरी हिशेब तोच. मोजायची ती दोन शहरांची घड्याळं.