स्कूटरचा स्पार्क प्लग जाम झालाय, जोर लावू का?

प्रश्न असा : मालवणात समुद्राजवळ राहतो, चार वर्षं प्लग काढलेला नाही, आता पाना लावला तरी हलत नाही.

जोर नको. प्लग पोलादी, तो ज्यात बसतो ते हेड (सिलिंडरचं झाकण) ॲल्युमिनियमचं. खारी हवा आणि पावसाचं पाणी मध्ये बसलं की आटे एकमेकांना धरतात. त्यात आधीच्या माणसाने गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो, ते वेगळंच.

आधी खाचेतली माती, गंज हवेने उडवा. मग बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी इंजिन हात लावता येईल इतपत कोमट करा आणि प्लगचाच खोल सॉकेट सरळ बसवा (बऱ्याच स्कूटरला 16 मिमी). तिरका बसला तर प्लगची चिनी माती फुटते. पाव फेरा सैल करा, करकरला की परत आवळा, पुन्हा तेल. याला अर्धा तास गेला तरी चालेल, हेडपेक्षा स्वस्तच.

प्लगचा षटकोन (जिथे पाना बसतो) तुटून आटे आत राहिले तर किक मारू नका, सेल्फही नको. तुकडे सिलिंडरमध्ये पडतात. आत राहिलेला तुकडा काढायला उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरता येतो. हेडचे आटेच गेले असतील तर हेड उतरवून लेथवाल्याकडे हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घ्या.

नवा प्लग सुरुवातीला बोटांनीच फिरवा. वॉशर टेकला की पान्याने अर्धा फेरा, बस्स. 10 मिमी आट्यांना आवळायला साधारण 10-12 न्यूटन-मीटर (पिळाचा जोर) पुरतात.