शब्दशंका : नमुने नेते की आणते?

प्रश्न : आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. व्हॅलेन्सियाचे एक ग्राहक सांगलीत हॉटेलवर उतरले होते. मी तासगावहून स्पॅनिशमध्ये मेसेज केला, ‘मान्याना ले त्राइगो लास मुएस्त्रास’. उद्या नमुने घेऊन येते, असं म्हणायचं होतं. त्यांचं उत्तर आलं : त्राइगो नाही, येबो. पण ‘येबो’ ज्याचं रूप, ते ‘येबार’ म्हणजे नेणे ना? आणि हे क्रियापद जिथे तिथे कसं दिसतं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, तुमचं मराठी पक्कं आहे, तेच आडवं आलं. आपण बोलताना ऐकणाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहतो. आईनं खालून हाक मारली की वरूनच ‘आले!’ म्हणतो. स्पॅनिश माणूस अशा वेळी ‘या बोय’ म्हणतो, म्हणजे ‘निघालेच’. तो स्वतःची जागा सोडत नाही. बोलणारा असेल तिथे वस्तू यायची असेल तर त्राएर, म्हणजे आणणे (‘त्राइगो’ त्याचंच रूप). तिथून दुसरीकडे जायची असेल तर येबार, मग ती समोरच्याच्याच हातात का पडेना. तुम्ही तासगावात होतात, म्हणून येबो. हॉटेलात पोचून पिशवी टेबलावर ठेवताना मात्र ‘ले त्राइगो’ म्हणा, कुणी टोकणार नाही.

बाकीचे अर्थ सवयीनं येतात. अंगावर कपडे, डोळ्यांवर चष्मा असणं हेही येबार. ‘पारा येबार’ म्हणजे पार्सल. पदार्थात काय घातलंय तेही यानंच विचारतात, आणि शाकाहाऱ्यानं ‘¿येबा कार्ने?’ (यात मांस आहे का?) तर पाठच करावं. आपल्या भडंगाबद्दल सांगायचं तर ‘येबा आहो’, लसूण आहे. (लसणाला ‘आहो’ म्हणतात. वर्गात नवी लग्न झालेली मुलगी असली की इथे पाच मिनिटं जातात.)

काळाचा उपयोग नीट शिका. ‘येबो उन आन्यो एस्तुदियांदो’ म्हणजे वर्षभर शिकतेय. इंग्रजीवरून जाणारे इथे अडखळतात. आपण मराठीतही वर्तमानकाळच वापरतो, तेव्हा सरळ मराठीवरून जा. ‘वर्षभर शिकत होते’ अशी मागची गोष्ट सांगताना ‘येबाबा’ म्हणायचं, ‘येबे’ नाही.

वयातलं अंतरही यातच : ‘मे येबा त्रेस आन्योस’, तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आणि बेरीज करताना स्पेनमधली पोरं ‘मे येबो उना’ पुटपुटतात. म्हणजे हातचा एक.