दिवाळीत घरी आठ जण जमणार आहेत, वय १२ ते ६५. कोणता बोर्ड गेम घ्यावा?

आधी डब्यावरचा खेळाडूंचा आकडा बघा. ‘कटान’चं नाव सगळे घेतात, पण मूळ डबा ३-४ जणांचाच, ५-६ जणांसाठी जोडसंच वेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणजे आठांत तो बादच. ‘तिकीट टू राइड’ही पाचांपर्यंतच.

तुमच्यासाठी मी ‘कोडनेम्स’ घेईन. दोन संघ पडतात, प्रत्येकातला एक जण संकेत देतो आणि बाकीचे मांडलेल्या २५ शब्दांतून आपल्या संघाचे शब्द ओळखतात. नियम पाच मिनिटांत समजतात, डाव साधारण पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. अडचण एकच, शब्द इंग्रजी आहेत. त्यावर आमच्या घरचा तोडगा: २५ चिठ्ठ्यांवर मराठी शब्द लिहायचे (पाट, कळ, माळ, वारी, तार असे दोन-दोन अर्थांचे असले तर धमाल) आणि डब्यातलं किल्लीचं कार्ड (कोणता शब्द कोणाचा ते संकेत देणाऱ्यांना दाखवणारं) तसंच वापरायचं. त्यावर फक्त रंगांचे चौकोन असतात: एका संघाचे ९, दुसऱ्याचे ८, तटस्थ (कोणाचेच नाहीत असे) ७ आणि मारेकरी (जो निवडला की डाव हरला) १. भाषेचा संबंधच नाही. आमच्या सासूबाई आता संकेत द्यायला कोणाला पुढे येऊ देत नाहीत!

लिहायचा कंटाळा असेल तर ‘डिक्सिट’. त्यात नुसती चित्रं, वाक्य आपण मराठीत सुचवायचं. नव्या आवृत्तीत ३ ते ८ जण बसतात, जुनीत सहाच. घेताना डबा नीट बघा.

ऑनलाइन फारच स्वस्त दिसला तर नक्कल असू शकते, पातळ कार्डं आणि पुसट छपाई. शक्य असेल तर एखाद्या बोर्ड गेम कॅफेत आधी एक डाव खेळून बघा.