पिक ३ लॉटरीत दुकानदार ‘हा आकडा बंद झाला’ म्हणतो, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरे पुण्याहून सुट्टीला आलेत. सात जुलैला पेनसिल्व्हेनियातल्या एका दुकानात हौसेनं पिक ३ या तीन अंकी आकड्याच्या सरकारी लॉटरीत ७-७-७ लावायला गेले. मशीनने तिकीट दिलं नाही, दुकानदार म्हणाला, “नंबर बंद झाला.” तेव्हापासून त्यांनी घर डोक्यावर घेतलंय की तोच आकडा येणार हे लॉटरीवाल्यांना आधीच ठाऊक असणार, नाहीतर बंद कशाला करतील?

मी राहतो न्यू जर्सीत, पण डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात मावसभावाचं दुकान आहे. तिथे चार वर्षं संध्याकाळी गल्ल्यावर बसलोय, त्यामुळे हा वाद माझ्या ओळखीचा आहे. आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे राज्य लॉटरीच्या स्टॉलवरचा माणूस “तो नंबर गेला” म्हणतो, तेव्हा ते छापील तिकीट कुणीतरी विकत घेतलेलं असतं. पिक ३ मध्ये छापील काही नाही. ००० ते ९९९ मधला कुठलाही आकडा तुम्ही सांगायचा, आणि तोच आकडा त्याच सोडतीसाठी हजारो लोक लावू शकतात.

पेच इथेच आहे. पेनसिल्व्हेनियात एक डॉलर ‘स्ट्रेट’ लावला, म्हणजे तिन्ही अंक त्याच क्रमाने यायला हवेत असा, आणि आकडा लागला, तर ५०० डॉलर. जिंकणारे दहा असोत की दहा हजार, प्रत्येकाला ५००. आकडे एक हजार, म्हणून प्रत्येकावर एकेक डॉलर लागला तर हजार आले आणि ५०० गेले, सरकार खूश. पण माणसं आकडे असे सारखे वाटून थोडीच लावतात! आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते नातीचा वाढदिवस, घराचा नंबर, समोर ठोकलेल्या गाडीची नंबरप्लेट घेऊन. एक म्हातारे गृहस्थ रोज ४-४-४ लावायचे, कारण लग्न चार एप्रिलला झालं होतं आणि तिसरा चार “बायकोच्या तर्फे”. अशात सात जुलै उजाडला की सकाळपासून ७-७-७ ची रीघ लागते.

तिळ्या, म्हणजे तिन्ही अंक सारखे असलेल्या, आकड्यांचं आणखी एक आहे. १-२-३ लावणारे बरेच जण ‘बॉक्स’ घेतात, म्हणजे तेच अंक कुठल्याही क्रमाने आले तरी चालतात, पण डॉलरला मिळतात फक्त ८०. ७-७-७ ला उलटसुलट करायला जागाच नाही, त्यामुळे त्यावरचा सगळा पैसा ५०० च्या भावानेच येऊन बसतो.

म्हणून लॉटरीचा मध्यवर्ती संगणक प्रत्येक सोडतीसाठी प्रत्येक आकड्याची वही ठेवतो: हा आला तर आपल्याला किती द्यावे लागतील? त्याला एक कमाल मर्यादा घातलेली असते. समजा ती ५० लाख डॉलर आहे. मग ५०० च्या हिशेबाने डॉलर-डॉलरचे दहा हजार स्ट्रेट लागले की वही भरली. पुढच्या माणसाला मशीन नाही म्हणतं, मग तो राज्याच्या कुठल्याही टोकाच्या दुकानात असो. दुकानदाराच्या हातात यातलं काही नसतं, पण शिव्या त्यालाच खाव्या लागतात. आधी विकलेली तिकिटं मात्र पक्की राहतात.

आता सासऱ्यांचा संशय. तो अगदीच हवेतला नाही, कारण याच राज्यात एकदा सोडत खरोखर ठरवून झाली होती. २४ एप्रिल १९८० ला ६-६-६ आला. सोडतीचा टीव्हीवरचा निवेदक निक पेरी आणि त्याच्या साथीदारांनी, यंत्रात हवेने उडणाऱ्या अंकांच्या चेंडूंपैकी ४ आणि ६ सोडून बाकीच्यांत रंग भरून ते जड केले होते, म्हणजे वर येणार ते हलके ४ आणि ६ च. या दोन अंकांच्या आठही जुळण्यांवर त्यांनी आधीच भरपूर तिकिटं घेऊन ठेवली होती. त्या दिवशी लॉटरीला सुमारे ३५ लाख डॉलर द्यावे लागले, तोवरची तिथली सर्वांत मोठी रक्कम. एवढा पैसा आठच आकड्यांवर आला म्हणूनच बोभाटा झाला आणि पेरी तुरुंगात गेला. पण बघा, ज्यांना आकडा माहीत होता त्यांना तो उघडा हवा होता! बंद तो करतो ज्याला काय येणार हे माहीत नसतं आणि भीती असते.

भीती कशाची, ते नॉर्थ कॅरोलिनाला विचारा. तिथे २२ जून २०१९ ला पिक ४ मध्ये ०-०-०-० आला, दोन हजारांवर तिकिटं निघाली आणि ७८ लाख डॉलर वाटावे लागले.

नदीच्या आमच्या बाजूला पद्धत वेगळी. सासरे पुण्याचे आहेत, रेसकोर्सवर कधी गेले असतील तर चटकन कळेल: पेनसिल्व्हेनिया म्हणजे आधी ठरलेला भाव देणारा बुकी, न्यू जर्सी म्हणजे जमलेला पैसा वाटून देणारा टोट. न्यू जर्सीत पिक ३ साठी जमलेल्या पैशातला ठरलेला वाटा जिंकणाऱ्यांत वाटून टाकतात. सरकारच्या खिशाला धोका नाही, म्हणून आकडा बंद करण्याची गरजही नाही. तोटा होतो तो एकच आकडा लावणाऱ्या गर्दीचा. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं विमान कोसळून २६५ माणसं गेली. त्याच दिवशी न्यू जर्सीत ५-८-७ आला. पन्नास सेंटच्या स्ट्रेट तिकिटाला एरवी अडीचशे-पावणेतीनशे डॉलर मिळतात, त्या दिवशी वीसही आले नाहीत, इतक्या लोकांनी तो लावला होता. (विमान पडल्याच्या दिवशी लोक तो आकडा का लावतात, मला विचारू नका. काउंटरवर बसून मी त्याहून विचित्र पाहिलंय.) याउलट, ११ सप्टेंबर २००२ ला न्यूयॉर्कमध्ये ९-१-१ आला. तिथे भाव ठरलेला, म्हणून पाच हजारांवर विजेत्यांना डॉलरमागे पुरते ५०० मिळाले.

तेव्हा ठरलेल्या भावाच्या राज्यात तुमचा आकडा किती जणांनी लावलाय याची फिकीर नको, तिकीट निघालं की झालं. वाटून घेणाऱ्या राज्यात मात्र ७-७-७, १-२-३ लावणं म्हणजे आपलं बक्षीस आपणच पातळ करणं. लागण्याची शक्यता दोन्हीकडे हजारात एक, आणि डॉलरमागे सरासरी पन्नास सेंट दोन्हीकडे जातात. मर्यादा असल्या-नसल्याने त्यात पैशाचाही फरक पडत नाही.

गर्दीच्या आकड्याला लगाम घालणं हे काही सरकारी डोक्यातून निघालेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आकडे घेणारे बेकायदा धंदेवाले लोकप्रिय आकड्यांवर कमी भाव द्यायचे. आपला मटकेवालाही एखाद्या जोडीवर फार पैसा चढला की तो वरच्या मोठ्या बुकीकडे सरकवतो. लॉटरीला सरकवायला वर कुणी नाही, म्हणून ती खिडकी बंद करते.

 

सासऱ्यांना एवढं सांगा की बंदी त्या एका सोडतीपुरती असते. पेनसिल्व्हेनियात सोडत दिवसातून दोनदा होते, दुपारची आणि संध्याकाळची, आणि दोन्हींच्या वह्या वेगळ्या. पुढच्या सोडतींचं तिकीटही आगाऊ काढता येतं. आमचे ४-४-४ वाले गृहस्थ चार एप्रिलचं तिकीट तीन दिवस आधीच काढून पाकिटात ठेवायचे.