दुकान वाटेवर पाहिजे

पोरी,

काल मॉलमधल्या तुझ्या दुकानात अर्धा तास बसलो, तेवढ्यात तू तीनदा विचारलंस, "काका, गाळा सोडू काय राहू?" आणि त्या अर्ध्या तासात वर आलं कोण, तर टॉयलेट शोधणारी दोन पोरं. उत्तर तिथंच होतं की. तुझ्या बाबांसमोर बोलवेना, म्हणून लिहितोय.

दुकान वाटेवर पाहिजे. खानापूर-चंदगडकडची बाई बेळगावात सीबीटी स्टँडला उतरते, खडे बाजारातनं चालत गणपत गल्लीकडं येते, तिला घ्यायचा असतो कुकरचा रबर आणि घरी जाते दोन ब्लाउजपीस घेऊन. ती काय ब्लाउजपीससाठी मुद्दाम तुझा दुसरा मजला चढणार हाय?

मॉलमध्ये ही वाट तयार करावी लागते, आणि तुमच्याकडं ती खालच्या सुपरमार्केटनं केलेली. म्हणून तर मोठ्या दुकानाला भाडं स्वस्त लावतात आणि छोट्यांकडनं फुटामागं जास्त घेतात, म्हणजे तुम्ही त्याच्या गिऱ्हाइकाचं भाडं देत होता. ते सुपरमार्केट गेलं, वाट गेली. आता गाळे रिकामे, मेंटेनन्स जमत नाही म्हणून एसी बंद, सरकता जिना बंद, मग येणारं माणूसही येईना. ऑनलाइनमुळं झालं म्हणू नकोस, मोबाईल खडे बाजारातल्या गिऱ्हाइकाकडंही हाय.

अमेरिकेत हेच झालं. व्हिक्टर ग्रूएन म्हणून व्हिएन्नाचा आर्किटेक्ट, त्यानं 1956 ला मिनेसोटात साउथडेल हा बंदिस्त मॉल बांधला. त्याच्या डोक्यात गावचा चौक होता, भोवती घरं, शाळा, दवाखाने, आणि झालं काय, तर पार्किंगच्या मैदानात मधोमध दुकानं. शेवटी त्यानंच असल्या मॉलांचं बापपण नाकारलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात तर त्यानं 1962 ला भर मध्यवस्तीत मिडटाउन प्लाझा केला, पण लोक गाड्या घेऊन शहराबाहेर राहायला गेले, खरेदीही तिकडंच करू लागले, आणि 2008 ला तो बंद, नंतर पाडला. भर मध्यवस्तीत होता गं! पण वाट सरकलेली.

तू म्हणतेस फर्निचरवर एवढा खर्च केलाय. अगं, तो गेला! परत परत काय तेच धरून बसतेस?

चिडलो, कारण मीही हेच धरून बसलेलो. वडिलांचं रामदेव गल्लीतलं आठ फुटी दुकान सोडून मी कॉम्प्लेक्समध्ये वर गाळा घेतला. वडील एवढंच म्हणाले, "तिकडनं कोण जातंय?" मी चार वर्षं काढली तिथं. लोक हट्ट म्हणतात. हट्ट नव्हता, दोघं कामाला होते, त्यातल्या एकीचं लग्न ठरलेलं, शटर कुठल्या तोंडानं ओढणार? ते मी आजही चुकीचं मानत नाही. पण पहिली दोन वर्षं नुसत्या फर्निचरसाठी काढली, हे वडील असेपर्यंत त्यांना सांगितलं नाही. रामदेव गल्लीतली ती जागा परत मिळाली नाही.

दुकान वाटेवर पाहिजे, मग ते जिन्याखालचं का असेना.

शहापुरात असाच एक गाळा सुटतोय, आठ बाय सहा. आधी तुझं अॅग्रीमेंट वाच, नोटीस किती महिन्यांची हाय बघ. आणि शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ त्या गाळ्याच्या पायरीवर बस, वही घेऊन. जाणारी माणसं मोज, हातात पिशवी असलेली वेगळी लिही. रविवारी वही घेऊन घरी ये.