वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली म्हणजे छापलेलाच मजकूर साइटवर टाकला, एवढंच ना? की कामातही काही बदललं?

सुरुवातीची काही वर्षं एवढंच होतं. रात्री पानं सुटली की तोच मजकूर साइटवर चढवायचा. मग 'उर्वरित पान ५ वर' ही ओळसुद्धा जशीच्या तशी जायची. त्याहून चिवट घोळ 'काल'चा. छापील बातमी संध्याकाळी लिहितात, पण वाचणारा सकाळी वाचतो, म्हणून आज घडलेलं 'काल' होतं. तीच बातमी रात्री नऊला साइटवर दिसली की चुकीची ठरते. म्हणून वेबच्या मजकुरात वार नि तारीख लिहावी, 'काल-आज' टाळावं.

खरा फरक पडला तो अंकासाठी बातमी राखून ठेवणं सुटलं तेव्हा. ब्रिटनच्या 'द गार्डियन'ने २००६मध्ये परदेशी आणि अर्थविषयक बातम्या छापण्याआधी साइटवर द्यायचं ठरवलं. आपलीच बातमी आपणच फोडायची, हे पचायला बऱ्याच डेस्कना (बातम्या संपादित करणाऱ्या विभागांना) वेळ लागला.

आता मोठी बातमी आधी दोन वाक्यांत जाते: काय झालं, कुठे, कोणी सांगितलं. पुढची भर त्याच पानावर पडते. दर तासाला नवं पान काढलं तर वाचक नि लिंका विखुरतात, आणि सर्चमध्ये जुनंच अर्धवट पान वर राहतं. इथली नेहमीची चूक म्हणजे पानाच्या वेब-पत्त्यात (URL) आकडा घालणं. 'पूल-दुर्घटना-१२-ठार' असा पत्ता केला आणि संध्याकाळी आकडा १५ झाला, की शीर्षक बदलता येतं, पत्ता मात्र खोटं बोलत राहतो. तो बदललाच, तर जुन्यावरून नव्याकडे कायमचा (३०१) रीडायरेक्ट लावावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर जातो. विसरलात तर तोवर शेअर झालेली प्रत्येक लिंक ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दाखवते. 'प्रसिद्ध' आणि 'अद्ययावत' या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. स्वल्पविराम सुधारून वेळ ताजी दाखवणं ही लबाडीच. तपशील चुकला असेल तर दुरुस्तीची टीप द्यावी. गुपचूप बदललंत तरी स्क्रीनशॉट कोणाकडे तरी असतोच.

शीर्षकाचंही तसंच. 'अखेर न्याय!' हे पानावर फोटोच्या आधाराने चालतं. सर्चच्या यादीत फोटो लहान नि शेजारची चौकट गायब, मग न्याय कोणाला? म्हणून बरेच डेस्क दोन शीर्षकं देतात, नि वेबच्या शीर्षकात नाव आणि ठिकाण आधी घेतात.

पैशाबद्दल थोडक्यात: छोट्या जाहिराती क्रेगलिस्टसारख्या जाहिरातींच्या साइटनी नेल्या, मग वर्गणीकडे वळावं लागलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च २०११मध्ये महिन्याला २० लेख मोफत ठेवले, पुढच्या वर्षी १०. ही मोजणी कुकीवर (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवर) ठेवली, तर कुकी पुसली की शून्यापासून सुरू. शिवाय बऱ्याच साइटवर पूर्ण मजकूर पानात येतो आणि वर फक्त पडदा पडतो, त्यामुळे जावास्क्रिप्ट बंद केली की तो वाचता येतो. पक्की भिंत हवी असेल तर वर्गणी तपासल्याशिवाय सर्व्हरने मजकूर पाठवूच नये. तसं केल्यावर सर्चच्या बॉटला (पानं वाचून सर्चच्या यादीत घेणाऱ्या प्रोग्रामला) वेगळी वाट द्यावी लागते, आणि कोणी स्वतःला बॉट म्हणवून त्याच वाटेने शिरू नये म्हणून येणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तो कुठून आला ते दाखवणारा क्रमांक) तपासावा लागतो.