टोलचा पास घ्या, पण खरं भोक त्या पॉलिसीत आहे

साताऱ्याहून एका वाचकाने लिहिलंय: "वय ३६, नोकरी पुण्यात. बायको, चार वर्षांची मुलगी आणि आई-वडील साताऱ्यात. दर शनिवार-रविवारी गाडीने ये-जा. आणेवाडी आणि खेड-शिवापूर मिळून वर्षाला सुमारे २० हजार टोल जातो. फास्टॅगचा वार्षिक पास घेऊ, की किलोमीटरप्रमाणे टोल येईपर्यंत थांबू? त्यात पहिले २० किलोमीटर फुकट आहेत म्हणे. गाडीचं कर्ज १२ लाख, सात वर्षं, साडेनऊ टक्के. कर्जासाठी लागतेच म्हणून बँकेने एक पॉलिसी दिली. वर्षाला ६० हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १२ लाख मिळणार, विमा सहा लाखांचा. दोन हप्ते भरलेत. दुसरा विमा नाही."

टोलचं आधी उरकतो. पास घ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला तो ३,००० रुपयांत सुरू झाला; २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. दोन नाके, जाऊन-येऊन चार फेऱ्या, ५० आठवडे: बरोबर २००. दर थोडा वाढला तरी वर्षाचे १७ हजारांच्या आसपास वाचतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर हा पास चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

किलोमीटरच्या टोलची वाट कशाला बघताय? २० किलोमीटरची सवलत सप्टेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीत आहे, तीही उपग्रह यंत्रणा बसवलेल्या गाड्यांना. देशभर ती कधी लागू होणार याच्या बातम्या येत राहतात. १ मे २०२५ ची तारीख तर केंद्राने स्वतःच खोडून काढली. आली तरी सातारा-पुणे ११० किलोमीटर धरा, उरलेल्या ९० चे पैसे द्यायचेच. फार तर चार हजार वाचतील.

आता तुम्ही न विचारलेलं. पॉलिसीचा हप्ता तुमच्या सगळ्या टोलच्या तिप्पट आहे! सहा लाख भरून विसाव्या वर्षी १२ लाख, म्हणजे परतावा साडेचार टक्क्यांच्या घरात. त्याच वेळी गाडीच्या कर्जावर तुम्ही साडेनऊ टक्के मोजताय. कर्जाचा महिन्याचा हप्ता १९,६०० आणि एकूण व्याज साडेचार लाख. आणि उद्या तुम्हाला काही झालं, तर चार माणसांच्या हाती सहा लाख. त्यातून कर्जसुद्धा फिटणार नाही. मला राग याचाच येतो. कर्जासाठी अशी पॉलिसी लागतच नाही. कायद्याने सक्ती आहे ती गाडीच्या थर्ड पार्टी विम्याची.

आधी एक कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. तुमच्या वयाला, व्यसन नसेल तर, वर्षाला १५ हजारांच्या आसपास पडेल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी सोडा. सरेंडर केली तर किती मिळतील हे कंपनीकडून लेखी घ्या. भरलेल्या १ लाख २० हजारांतले बरेच बुडतील, पण ते वसूल करायला आणखी आठ हप्ते भरू नका.

बँकेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, सक्ती केली हे स्पष्ट लिहा. विमा कंपनीनेही दाद दिली नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. हप्त्यातून सुटलेले ४५ हजार आणि टोलचे १७ हजार दरवर्षी कर्जात भरा. मुदतपूर्व फेडीचं शुल्क किती, ते मात्र आधी करारात बघा. तिसरा हप्ता येण्याआधी हे सगळं व्हायला हवं.